गाडीवर डोळा लागतो तेव्हा

आज खरं तर लोणच्याच्या बरणीत येणाऱ्या बुरशीबद्दल लिहायचं ठरवलं होतं. तशी चार-पाच पत्रं टेबलावर पडून आहेत आणि त्या बहिणींना मी विसरलेले नाही. पण मंगळवारच्या टपालात एक सात पानी पत्र आलं, ते वाचलं आणि बरणी बाजूला सारली. पत्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलंय. नाव छापू नका असं दोनदा लिहिलंय, एकदा वर आणि एकदा सहीखाली. तेव्हा नाव-गाव सोडून बाकीचं तुम्हाला सांगते. तसं मला सांगायला त्यांची परवानगी आहे.

या बाई शाळेत शिकवतात. वय एकोणचाळीस. घरी सासूबाई, यजमान आणि दोन मुलगे. शाळा घरापासून सहा किलोमीटरवर, आणि विसाव्या वर्षापासून त्या स्कूटर चालवताहेत. आताची गाडी स्वतःच्या पगारातून, हप्ते भरून घेतलेली. "ताई, ही गाडी म्हणजे माझं माहेर आहे," असं त्यांनी लिहिलंय. ज्या बाईला दूध आणायला, आईला दवाखान्यात न्यायला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, तिलाच त्यातलं सुख कळेल.

तर बाईंना झोप येते. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षापासून येते. रात्री झोप झाली असो वा नसो, दिवसा बसल्या जागी डोळे मिटतात. वह्या तपासताना लाल पेन ओळ सोडून खाली घसरत जातं आणि मुलाच्या निबंधावर मुंगी शाईत बुडून चालल्यासारखी रेघ उमटते. एकदा दुधाचं पातेलं कपड्यांच्या कपाटात सापडलं. कुणी ठेवलं? त्यांनीच. आठवत मात्र काहीच नाही. बरं, पंधरा मिनिटं डोकं टेकलं की एकदम ताजंतवानं वाटतं, पण दोन-तीन तासांनी पुन्हा तेच. घरातले म्हणतात आळशी. स्वयंपाकाला पहाटे पाचला उठणारी, दोन डबे भरून साडेदहाला वर्गात उभी राहणारी बाई आळशी कशी, हे कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी लाजत लाजत लिहिलीय. खूप हसू आलं की त्यांचे गुडघे सुटतात. मान खाली पडते, जीभ जड होते, हातातली वस्तू गळते. शुद्ध जात नाही, सगळं ऐकू येतं, पण अर्धा मिनिट अंगात जीव नसल्यासारखं होतं. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी उखाण्यात गंमत केली आणि यांच्या हातची बशी फुटली. नणंद म्हणाली, "वहिनी फार नाटकी आहे." रात्रीही कधी कधी जाग येते तेव्हा पायाशी कुणी बसलंय असा भास होतो आणि हात हलवता येत नाही. सासूबाईंनी बाहेरचं काही आहे म्हणून दंडाला दोरा बांधला.

हे सगळं सोसत सोळा-सतरा वर्षं गेली. आणि मग गेल्या महिन्यात ते घडलं. शाळा सुटली, धाकटा मागे बसला, बाई घरी निघाल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा स्वतःच्या घराचं वळण मागे राहिलेलं, दोन चौक ओलांडलेले आणि गाडी साखर कारखान्याच्या नाक्याजवळ. गाडी चालतच होती. मधला रस्ता कुठे गेला, काही आठवेना. मागून मुलगा म्हणाला, "आई, तो ट्रकवाला काका केवढा हॉर्न वाजवत होता, तुला ऐकू नाही आलं?"

मैत्रिणींनो, हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला.

बाईंनी घरी सांगितलं नाही, मुलाने सांगितलं. यजमानांनी काही न बोलता किल्ली लपवली. आणि बाईंनी ती तांदळाच्या डब्यातून शोधून काढली! आता यजमान कामावर गेले की त्या किल्ली काढतात, गाडी घेऊन शाळेत जातात आणि ते परत यायच्या आत किल्ली पुन्हा तांदळात पुरतात. कोल्हापुरातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी "हा नार्कोलेप्सी असावा, झोपेची तपासणी करून घ्या" असं लिहून दिलंय, ती चिठ्ठी पर्समध्ये तशीच आहे. परवान्याची वीस वर्षांची मुदत पुढच्या मार्चमध्ये संपते आणि नूतनीकरणाच्या फॉर्मवर आजाराचे प्रश्न असतात. म्हणून त्या विचारतात: "ताई, मी तिथे 'नाही' लिहिलं तर कुणाला कळणार आहे? आणि 'हो' लिहिलं तर माझी गाडी कायमची गेली ना?"

बाई, बाकी सगळं नंतर. आज हा अंक वाचून झाला की तांदळाच्या डब्यातली किल्ली काढा आणि स्वतः यजमानांच्या हातात द्या. तपासणी होऊन, औषध लागू पडून, डॉक्टर स्वतः "आता चालवा" म्हणेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. मुलाला मागे बसवून तर नाहीच. यात मी कणभरही सूट देणार नाही. दोन चौक झोपेत पार झाले आणि काही झालं नाही, ते नशीब. यजमानांनी किल्ली लपवली ती रीत मला आवडली नाही, बायकोशी बोलून ठेवायला हवी होती. पण किल्ली ठेवली हे योग्यच केलं.

आता हा आजार म्हणजे आहे तरी काय? नाव अवघड आहे पण जुनं आहे. १८८० साली जेलिनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने ते ठेवलं. त्याच्याकडे दारूच्या पिंपांचा धंदा करणारा एक अडतीस वर्षांचा गृहस्थ आला होता, त्याला दिवसातून कितीतरी वेळा, अगदी जेवताजेवतासुद्धा झोप लागायची. पुढे शंभराहून जास्त वर्षं हा आजार मनाचा की मेंदूचा यावर काथ्याकूट चालला. १९९८ साली मेंदूतल्या एका रसायनाचा शोध लागला. त्याला कुणी ऑरेक्सिन म्हणतात, कुणी हायपोक्रेटिन. माणसाला जागं ठेवण्याचं काम हे रसायन करतं. २००० साली असं दिसलं की हसताना गुडघे सुटणाऱ्या रोग्यांच्या मेंदूत हे रसायन बनवणाऱ्या पेशी जवळजवळ नाहीशाच झालेल्या असतात. बहुधा शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच पेशींवर उलटते, असा तज्ज्ञांचा कयास आहे. म्हणजे बघा, झोप आणि जाग यांच्या मधल्या दाराला कडी असते, ती या लोकांची निसटलेली असते. दिवसा झोप आत घुसते आणि रात्री स्वप्न जागेपणात घुसतं. पायाशी बसलेलं ते "कुणीतरी" म्हणजे अर्धवट जागेपणी पडलेलं स्वप्नच. सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा.

हसण्याने अंग गळून जाणं ही या आजाराची पक्की खूण आहे, तिला कॅटाप्लेक्सी म्हणतात. ती सगळ्यांना होतेच असं नाही. पण होत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. लाजून हेच नेमकं सांगायचं राहतं आणि मग कुणी उदासीची औषधं देतं, कुणी फिट्सची.

हजारो माणसांत एखाददुसऱ्याला होणारा हा आजार, साधारण दोन हजारांत एकाला. तेव्हा दुपारी जेवल्यावर डुलकी लागते म्हणून लगेच घाबरून जाऊ नका. आपल्या बायकांच्या झोपेची साधी कारणं आधी बघायची. रक्त कमी असणं, थायरॉइडचं दुखणं, सर्दी-खाजेच्या गोळ्यांची गुंगी, मनाची उदासी, आणि रात्री अकराला भांडी आवरून पहाटे पाचला उठणं. जोरात घोरणाऱ्या बाईचा श्वास झोपेत अडकत असतो, तिलाही दिवसा अशीच झोप येते, आणि तिनेही गाडी चालवताना तेवढंच सांभाळायला हवं. पण बायकोचं घोरणं यजमान थट्टेवारी नेतात आणि यजमानांचं घोरणं आपण देवाचं देणं म्हणून सहन करतो, त्यामुळे तपासणीला कुणीच जात नाही!

स्वतःला पडताळून बघायची एक सोपी पट्टी आहे. १९९१ साली मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयातल्या डॉक्टर जॉन्स यांनी ती केली. आठ प्रसंग असतात. वाचत बसल्यावर, टीव्ही बघताना, सभेत गप्प बसल्यावर, तासभर गाडीत बसून प्रवास करताना, दुपारी आडवं झाल्यावर, कुणाशी बोलताना, जेवणानंतर शांत बसल्यावर आणि वाहतुकीत गाडी दोन-चार मिनिटं थांबलेली असताना. प्रत्येक वेळी डोळा लागण्याचा संभव किती, त्याला शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली तर डॉक्टरांकडे जायचं. दुपारी आडवं झाल्यावर तीन गुण मिळाले तर त्यात विशेष काही नाही, आपण सगळ्याच तिथे पहिल्या नंबराने पास होऊ. पण कुणाशी बोलताना किंवा सिग्नलला थांबल्यावर डोळा लागत असेल, तर बेरजेची वाट बघू नका.

इथे मला माझ्या मावससासूबाई आठवतात. वाती वळता वळता झोपायच्या, हातात कापूस तसाच. पंगतीत कुणी विनोद केला की भिंतीला टेकून खाली बसायच्या, जबडा लोंबायचा. आम्ही सुना पदराआड हसत होतो, हे आज कबूल करते. ऐंशीव्या वर्षी गेल्या, कुणी कधी डॉक्टरकडे नेलं नाही, कारण दुखत तर काहीच नव्हतं. त्यांच्या झोपेने फार तर दूध उतू गेलं. आता सुना-लेकी ट्रकच्या शेजारून स्कूटर काढतात, हा फरक आहे.

तपासणीची भीती नको. सुई-टाके काही नाहीत. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत झोपेची प्रयोगशाळा असते. रात्री तिथे झोपायचं, डोक्याला आणि अंगाला तारा चिकटवतात, श्वास, मेंदूच्या लहरी, हातापायांची हालचाल सगळं नोंदलं जातं. दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी झोपायला सांगतात, अशा चार-पाच डुलक्या. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागली आणि त्यातल्या निदान दोन डुलक्यांत स्वप्नांची झोप पंधरा मिनिटांच्या आत सुरू झाली तर निदानाला बळ येतं. तपासणीच्या आधी आठवडा-दोन आठवडे रोज किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो हे वहीत लिहायचं आणि नेहमीची कुठली औषधं चालू आहेत ते सांगायचं. काही गोळ्या आधी थांबवाव्या लागतात, पण त्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत. एकटीने जाऊ नका, यजमानांना घेऊन जा. यंत्राच्या कागदावर उमटलेली झोप बघितली की घरचे "आळशी" शब्द गिळतात, असा अनुभव आहे.

आता परवान्याचं. हा भाग मी आमच्या शेजारच्या वकीलबाईंकडून नीट समजून घेतला, त्यांचा चहा दोनदा गार झाला.

नूतनीकरणाच्या वेळी आरटीओला फॉर्म नंबर एक भरावा लागतो. आपल्या प्रकृतीबद्दल आपणच करायचं ते निवेदन. त्यात पहिलाच प्रश्न असा की तुम्हाला फेफरं येतं का, किंवा कुठल्याही कारणाने एकाएकी शुद्ध हरपते वा चक्कर येते का. आणि शेवटी असं विचारलेलं असतं की तुम्ही गाडी चालवल्याने लोकांना धोका होईल असा दुसरा कुठला आजार वा अपंगत्व आहे का, असल्यास तपशील द्या. नार्कोलेप्सी हे नाव त्या फॉर्मवर कुठेही नाही. म्हणून पुष्कळजण स्वतःची समजूत घालतात की आपल्याला विचारलेलंच नाही. विचारलंय हो! शेवटचा प्रश्न तुमच्यासाठीच आहे. शिवाय चाळिशी पूर्ण झाली की डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फॉर्म नंबर एक-अ, तेही जोडावं लागतं. बाई, तुमचं नूतनीकरण नेमकं चाळिशीत येतंय. हल्ली अर्ज घरबसल्या संगणकावर भरता येतो, त्यामुळे "नाही"वर बोट ठेवणं फार सोपं झालंय. समोर कारकूनसुद्धा नसतो.

खोटं लिहून मिळवलेल्या परवान्याचं काय होतं? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे फसवून किंवा चुकीची माहिती देऊन काढलेला परवाना रद्द करता येतो. १८६ व्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. लोकांना धोका होईल असा आजार आपल्याला आहे हे ठाऊक असूनही जो गाडी चालवतो, तो गुन्हा करतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी दोन हजारांपर्यंत दंड. रक्कम मोठी नाही, पण "ठाऊक असूनही" या शब्दांकडे लक्ष द्या. तुमच्या पर्समधली ती डॉक्टरांची चिठ्ठी म्हणजेच ठाऊक असणं. उद्या कुणाच्या मुलाला धक्का लागला, तर कोर्टात दंडाच्या पावतीबद्दल कुणी विचारणार नाही, त्या चिठ्ठीबद्दल विचारतील.

आता दुसरा प्रश्न, "हो" लिहिलं तर गाडी कायमची गेली का? नाही. १६ व्या कलमाप्रमाणे आजारामुळे परवाना काढून घेता येतो हे खरं, पण त्याऐवजी वैद्यकीय प्रमाणपत्र आणा, मग परवाना ठेवा अशी अटही घालता येते. आणि नकार मिळाला तर तीस दिवसांच्या आत अपील करायची सोय १७ व्या कलमात आहे. म्हणजे दार बंद नाही. मात्र मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. आपल्याकडे या आजारासाठी वेगळा नियम लिहिलेला नाही, त्यामुळे सगळा भार तुमच्या तज्ज्ञांच्या लेखी मतावर येतो. ते जितकं स्पष्ट, तितकं तुमचं पारडं जड. नुसतं "प्रकृती चांगली आहे" असं मोघम प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरांकडून आणू नका. निदान काय, औषध कुठलं, किती महिन्यांत झोपेचे झटके आले नाहीत, पुन्हा तपासणी कधी, हे त्यात असावं.

माझी भाची लग्न होऊन इंग्लंडला लेस्टरला गेली, तिच्या कामावरच्या एका बाईंना हाच आजार आहे. तिकडे नियम चोख. निदान झालं की गाडी चालवणं थांबवायचं आणि परवाना देणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी खात्याला कळवायचं. न कळवल्यास हजार पौंडांपर्यंत दंड. निदान तीन महिने झोप ताब्यात राहिली, डॉक्टरांनी तसं सांगितलं, की परवाना परत मिळू शकतो. पण तो एक, दोन किंवा तीन वर्षांचा, मग पुन्हा प्रकृतीची चौकशी. बस-लॉरीचे नियम याहून कडक. त्या बाई आता रोज मुलांना शाळेत सोडतात. भाचीने हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आपल्याकडेही असं मुदतीचं ठरवून दिलं असतं तर माणसं "नाही" लिहायला इतकी धजावली नसती. कायमचं गमावण्याच्या भीतीनेच माणूस खोटं बोलतो.

औषधाचं थोडं सविस्तर सांगते, कारण यात बायकांसाठी एक खास गोष्ट आहे आणि ती पुष्कळदा घाईत सांगायची राहते. हा आजार मुळापासून बरा होत नाही, पण ताब्यात राहतो. दिवसा जागं राहण्यासाठी मोडाफिनिल नावाची गोळी बहुधा सकाळी देतात, हसताना अंग गळण्यावर वेगळी गोळी असते. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. तर ही मोडाफिनिल पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा असर कमी करते. तुम्ही दोन्ही नेमाने घेता आणि तरी दिवस राहतात. म्हणून ती सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारून तांबी किंवा दुसरा उपाय करायचा, आणि मोडाफिनिल बंद केल्यावरही दोन महिने ती काळजी सोडायची नाही. गरोदरपणात ही गोळी नको असं सांगतात, बाळाला व्यंग येण्याचा धोका वाढतो म्हणून. तेव्हा घरात पाळणा हलायचा विचार असेल तर तो आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि हेही लक्षात ठेवा की त्या काळात गोळी थांबली म्हणजे गाडीही थांबली. बाईंची दोन मुलं झाली आहेत, पण हे वाचणाऱ्या कुणा चोवीस वर्षांच्या मुलीला उपयोग होईल.

गोळीइतकंच काम वेळेवर घेतलेली डुलकी करते. दिवसातून एकदा-दोनदा, पंधरा-वीस मिनिटं, ठरल्या वेळी. शाळेत मधल्या सुट्टीत हे जमू शकतं. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र दाखवून एक रिकामी खोली मागा. मागायला लाज कसली? दुपारी भाताचा मोठा ढीग आणि वर गोड असलं की झोप जास्त येते, डब्यात भाकरी-उसळ, ताक असं हलकं ठेवा. रात्री ठरल्या वेळी झोपणं हे तर घरातल्या सगळ्यांनी मिळून पाळायला हवं. भांडी यजमानांनी घासली तर आकाश कोसळत नाही, आमच्याकडे पस्तीस वर्षं कोसळलेलं नाही.

पुढे डॉक्टरांनी गाडीची परवानगी दिली तरी तुमची स्कूटर आणि पूर्वीची स्कूटर यात फरक राहील. गोळीचा असर असेल त्या वेळेतच, दिवसाउजेडी, ओळखीच्या आणि जवळच्या रस्त्याने. जेवल्यावर लगेच नाही. निघण्यापूर्वी डुलकी घेऊन. सरळसोट हमरस्त्यावर लांब पल्ला नाही, कारण त्या एकसुरीपणानेच डोळे जड होतात. पापण्या जड झाल्या, मागचा चौक आठवेना, की तिथेच कडेला गाडी लावायची. तोंडावर वारा, गाणं गुणगुणणं, चहा-सुपारी यांनी झोप थोडा वेळ पुढे ढकलली जाते, जात नाही. आणि हसताना अंग गळत असेल तर दुचाकीबद्दल डॉक्टरांना वेगळं, स्पष्ट विचारा. चारचाकीत निदान तोल जायची भीती नसते. मागे बसलेल्या लेकराने काही गमतीचं बोलावं, आईला हसू यावं आणि हातातलं हँडल सुटावं, हे मला नुसतं डोळ्यांपुढे आणवत नाही. माझं विचाराल तर तो त्रास पूर्ण थांबेपर्यंत दुचाकी नकोच.

यजमानांच्या मागे बसायचं तर साडी आवरून एका बाजूला पाय टाकून बसू नका. झोपेत किंवा अंग गळून तुम्ही खाली पडलात हे पुढच्याला कळतही नाही. पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून, हेल्मेट घालून, थोड्या अंतरापुरतं बसा. त्यापेक्षा बस बरी. मार्च २०२३ मध्ये एसटीने बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू केली, तेव्हापासून आमच्या भागातल्या कितीजणींच्या पर्समध्ये रिक्षापेक्षा एसटीची तिकिटं जास्त सापडतात. बसमध्ये झोप लागली तर कंडक्टरला आधी थांबा सांगून ठेवा. शाळेतल्या दुसऱ्या कुणा बाईंची गाडी तुमच्या रस्त्याने येत असेल तर पेट्रोलचे पैसे वाटून घ्या. स्वयंपाकघरातही जपा. गॅसवर तेल ठेवून पाटावर टेकू नका, घड्याळाचा गजर लावा.

एक वही करा. रोज गोळी किती वाजता घेतली, डुलकी कधी, झोपेचा झटका आला का, हसताना काही झालं का. चार ओळी पुरेत. तीच वही तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवायची, आणि त्यांचं प्रमाणपत्र त्या वहीवरूनच पक्कं होतं. मार्चपर्यंत पुरेसा वेळ आहे, पण तपासणीची तारीख या आठवड्यात घेतलीत तरच. ती मिळायलाही दिवस लागतात. मार्चपर्यंत झोप ताब्यात आली नाही, तर घाईने नूतनीकरण करू नका. मुदत संपल्यावर वर्षभराच्या आत अर्ज केला तर पुन्हा गाडी चालवून दाखवायची परीक्षा द्यावी लागत नाही. ते वर्ष बसने काढा.

आणि त्या धाकट्याशी बोला. त्याने वडिलांना सांगितलं म्हणून तुम्ही त्याच्यावर रागावलात, असं पत्राच्या सहाव्या पानावर आहे. त्याला वाटत असेल की आईची गाडी आपल्यामुळे गेली. त्याला जवळ घेऊन सांगा की तू सांगितलंस ते बरं केलंस, आईला एक आजार आहे, त्याचं नाव हे, आणि आई औषध घेणार आहे. आठ वर्षांच्या मुलाला एवढं कळतं.

तपासणीत काय निघालं ते मला कळवा. पत्त्यावर "झोपेचं पत्र" असं लिहा, म्हणजे ते लोणच्याच्या पत्रांत मिसळणार नाही. बुरशीचं पुढच्या अंकात नक्की.